कार्बनवरच्या चिठ्ठ्या

माझी जीभ तिखट आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजातही आहे. सरांना मात्र माहीत नव्हतं, कारण त्यांच्याशी मी कधी तसं बोलले नव्हते. एकदाच बोलले, तेही फोनवर.

शिरूरच्या ज्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, तिथंच सरांनी मला शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते दौंडला आपल्या घरी राहायला गेले, पण शिकवणं काही सुटलं नाही. जुन्या कॉम्प्युटरवर रेणूंची मॉडेलं बनवायची आणि मला पाठवायची, हा त्यांचा उद्योग. रंगीत गोळे आणि काड्या, माउसनं हवं तसं फिरवून बघावं. तशी मॉडेलं कुठंही मिळतात. सरांच्या मॉडेलातली गंमत होती ती चिठ्ठ्यांची. एखाद्या अणूवर क्लिक केलं की त्याला चिकटवलेली सरांची ओळ उघडायची. ‘ह्यो ऑक्सिजन लाडावलेला हाय, सगळे इलेक्ट्रॉन ह्यालाच पायजेत.’ ‘हितं गर्दी हाय, मोठा पाव्हणा आत शिरायचा न्हाई.’ केंदूरहून एसटीनं येणाऱ्या, सकाळी घरचं शेण-दूध उरकून वर्गात बसणाऱ्या माझ्या पोरी पुस्तक वाचताना जांभया द्यायच्या आणि सरांची चिठ्ठी वाचून हसायच्या. हसून शिकलेलं त्या विसरायच्या नाहीत.

दिवाळीआधीच्या चाचणीत अख्ख्या वर्गानं एकच चूक केली. प्रश्न सोपा होता. सहा कार्बनचं कडं, त्यातल्या एका कार्बनवर ऑक्सिजनवाला गट आधीच बसलेला. नवा पाहुणा आला तर तो बहुतेक थेट समोरच्या कार्बनवर जागा धरतो. पोरींनी त्याला समोरच्याच्या शेजारी बसवला होता. “कुणी शिकवलं हे?” म्हणून मी ओरडले, तर एक म्हणाली, “मॅडम, सरांच्या मॉडेलमधी तसंच हाय.”

लॅबमध्ये जाऊन फाईल उघडली. खरंच तसंच होतं. ‘पाव्हणा हितंच बसणार, जागा धरून ठिवा,’ ही चिठ्ठी चुकीच्या कार्बनवर होती. मी स्क्रीनचा फोटो सरांना पाठवला आणि लगेच फोन लावला. “सर, अख्खा वर्ग चुकला तुमच्यामुळं. आता वय झालंय तुमचं. पाठवायच्या आधी कुणाला तरी दाखवत जा.”

सर म्हणाले, “व्हय. वाक्य तर माझंच हाय. चुकलं आसंल. पोरींना सांग, सर चुकले म्हणून.”

त्यानंतर त्यांची फाईल आली नाही. आधी दर पंधरवड्याला यायची. मी मनात म्हटलं, रुसले असतील, रुसू देत.

संक्रांत झाली आणि व्हिनेगरचं प्रॅक्टिकल आलं, म्हणून मी सरांचं जुनं मॉडेल काढलं. व्हिनेगरच्या रेणूत एकच हायड्रोजन असा असतो जो सहज सुटून जातो. त्याच्यावर सरांची चिठ्ठी होती, ‘ह्यो पिशवी घेऊन दारात उभाच हाय.’ मी क्लिक केलं, तर ती चिठ्ठी दुसऱ्या टोकाच्या, जागेवरून न हलणाऱ्या हायड्रोजनवर. मला हसू आलं आणि तिथल्या तिथं विरलं. ही चूक सर झोपेतसुद्धा करणार नाहीत.

दिवाळीआधीच्या त्या चाचणीपूर्वीच लॅबमध्ये नवे कॉम्प्युटर आले होते आणि त्यांच्यावर एक वेगळा, फुकटचा प्रोग्राम टाकला होता. सरांचा प्रोग्राम जुना. दोन्ही प्रोग्राम अणूंना आपापल्या पद्धतीनं नंबर देतात, आणि चिठ्ठी चिकटलेली असते ती नंबराला. नव्या प्रोग्रामनं सरांची फाईल उघडताना नंबर नव्यानं लावले. सातव्याची चिठ्ठी सातव्याकडंच राहिली, फक्त सातवा आता भलताच कुणीतरी होता. स्टोअररूममधला जुना कॉम्प्युटर पुसून चालू केला आणि कड्याची ती फाईल त्याच्यावर उघडली. चिठ्ठी बरोबर समोरच्या कार्बनवर होती.

फोनवर घातलेला घाव फोनवर भरत नाही. रविवारी लॅपटॉपवर दोन्ही प्रोग्राम टाकले आणि दौंडची एसटी धरली. न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत होती, आणि मी काय बोलायचं ते घोकत होते. निम्मं चौफुल्यालाच विसरले.

दार सरांच्या बायकोनं, काकूंनी उघडलं. पाण्याला म्हणून त्यांच्या मागं स्वयंपाकघरात गेले, तर डब्यांवर कागद चिकटवलेले. साखर. मीठ. गॅसजवळ, ‘बंद केला का?’ दारामागं, ‘किल्ली.’ अक्षर सरांचं.

“हे काय, काकू?”

“तुझा फोन आला तवापासनं,” काकू हळू आवाजात म्हणाल्या. “त्यांचा थोरला भाऊ शेवटी घरची वाट इसरला व्हता. हे म्हणत्यात, आता माझी पाळी. रोज सकाळी मला म्होरं बसवून एकशे अठरा मूलद्रव्यं म्हणून दाखवत्यात. मला काय कळतंय? मी आपली व्हय व्हय करती.”

माझ्या हातातला तांब्या मी तसाच खाली ठेवला.

सर बाहेरच्या खोलीत बसले होते. मी लॅपटॉप उघडला आणि दोन्ही कडी शेजारी-शेजारी लावली, जुन्या प्रोग्राममधलं आणि नव्यातलं. मग मी म्हणाले, “तुमचं काही चुकलं नव्हतं, सर. चुकले मी. न तपासता बोलले.” आणि रडले. सरांनी माउस घेतला. आधी इकडं क्लिक केलं, मग तिकडं, मग पुन्हा इकडं. बराच वेळ ते कडं फिरवत राहिले.

“पण सर, मूळ फाईल तुमच्याकडं होतीच की. एकदा उघडली असती तरी कळलं असतं.”

सरांनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडं पाहिलं. त्याच्यावर चादर टाकलेली होती.

“उघडलीच न्हाई,” ते म्हणाले. “उघडली आन् चिठ्ठी खरंच चुकीच्या जागी निघाली आसती, मंग? न्हाई उघडली तवर निदान शंका तरी व्हती.”

काकू चहा घेऊन आल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. कप ठेवून आत गेल्या आणि दारातून दिसणारी गॅसजवळची चिठ्ठी ओढायला लागल्या, तसे सर बसल्या जागेवरून ओरडले, “आगं, ती राहू दे! ती तुझ्यासाठीच हाय!” काकू हसल्या, मग सरही.

निघताना सर मला स्टँडपर्यंत सोडायला आले. “चूक तुझी बी न्हाई आन् मशिनची बी न्हाई,” ते म्हणाले. “गावात कुणी घर नंबरावर पत्ता सांगतं का? कुणाच्या शेजारी, कुणाच्या म्होरं, असं सांगतो आपण. मीच नंबराच्या भरवशावर ऱ्हायलो.”

आठ दिवसांनी फाईल आली. तेच सहा कार्बनचं कडं. मुद्दाम नव्या प्रोग्राममध्ये उघडलं. नंबर पुन्हा हलले होते, चिठ्ठी पुन्हा समोरच्याच्या शेजारी जाऊन बसली होती. पण या वेळी वर्गातली कुठलीही पोर चुकली नसती. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘ऑक्सिजनवाल्याच्या थेट म्होरं जो राहतो, पाव्हणा त्याच्याकडंच बसणार. मी सोता उघडून बघितलंय.’