पाच मार्कांचा समुद्र

मला वर्गात खुर्चीवर बसता येत नाही. शिकवायला लागून सोळा वर्षं झाली, पण त्या खुर्चीवर माझं हेल्मेट आणि डबाच बसतो. मी फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून शेवटच्या बाकापर्यंत फेऱ्या मारत राहतो आणि पोरं माझ्याबरोबर माना वळवत राहतात. आमचे मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "सर, तुमी शिकवता कमी अन् चालता जास्त." खोटं नाही ते. आपण शिकवतोय ते या पोरांपर्यंत पोचतच नाही अशी धास्ती मला कायम असते, आणि धास्ती असली की माझे पाय जागेवर राहत नाहीत.

आमची शाळा रिसोडहून केनवडकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आहे. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात पाच मार्कांचा निबंध असतो, बहुतेक वेळा एखादा अनुभव लिहा असा. मी लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत अर्धा वर्ग ती जागा कोरी सोडून यायचा. वैतागून एका दुपारी मी फळ्यावर बारा ओळी लिहून दिल्या. आठवणीतला प्रवास. घरचे सगळे समुद्रावर जातात, धाकटा भाऊ वाळूचं घर बांधतो, लाट येते, घर वाहून जातं, सगळे हसतात, सूर्य बुडतो, सगळे परत येतात. सोपी वाक्यं, सोपी क्रियापदं. मी स्वतः तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. वाळू आणि लाटा गाइडातून घेतल्या आणि सूर्यास्त आमच्याकडच्या धरणावरचा घातला.

निबंध चालला. पाचपैकी तीन-चार मार्क हमखास पडायचे आणि काठावरची पोरं त्यावर तरून जायची. केनवडच्या एका क्लासवाल्याने त्याच्या झेरॉक्स वाटल्या. माझा एक मित्र इंझोरीच्या बाजूला शिकवतो, त्याचा एकदा फोन आला, "अबे, तुया समुद्र आमच्या पोराइच्या वह्यात सापडला." मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला कौतुकाने सांगितलं, हे कबूल करायला हवं.

त्याचा कंटाळा येऊ लागला तो सराव परीक्षेचे पेपर तपासताना. त्रेचाळीस पेपर, त्रेचाळीस कुटुंबं, सगळी एकाच संध्याकाळी एकाच किनाऱ्यावर. त्रेचाळीस धाकटे भाऊ. ज्याला चार बहिणीच आहेत त्यालाही धाकटा भाऊ. सुरुवातीला हसू यायचं, मग चिडचिड व्हायला लागली, आणि पुढे पुढे मी तो निबंध न वाचताच मार्क देऊ लागलो.

ती मुलगी दहावीत असतानाची ही गोष्ट. तिचे आईबाप दिवाळी झाली की नाशिककडे वीटभट्टीवर जायचे आणि उन्हाळा संपता संपता परत यायचे. नववीपर्यंत तीही दरवर्षी त्यांच्याबरोबर जात होती, त्यामुळे तिच्या इंग्रजीला जागोजागी भोकं होती. दहावीच्या वर्षी त्यांची निघायची वेळ झाली तेव्हा मी तिच्या वस्तीवर गेलो आणि बापाला म्हणालो, पोरीला मावशीकडे ठेवून जा, ती पास होते, मी पाहतो. तो म्हणाला, "तुमी म्हन्ता तं ठेवतो, सर. पास झाली तं पुढं शिकन. नाई झाली तं पुढच्या सालापासून आमच्यासंगं." मी मान हलवली. शब्द देऊन बसलो, आणि परतीच्या रस्त्यावर गाडी चालवतानाच तिच्या इंग्रजीतली भोकं मोजू लागलो.

जानेवारीतल्या सराव परीक्षेत तिने निबंधाच्या दोन ओळी लिहिल्या आणि तिसऱ्या ओळीवर पेन सोडलं. आधीच्या चाचणीतही तिथेच. मी पेपर घेऊन तिच्या बाकाशी गेलो आणि सगळ्या वर्गासमोर ओरडलो, "काहून पाठ होत नाही तुले? बारा ओळी आहेत फक्त!"

"सर, मी समुद्र पायलाच नाई."

"मी तरी कुठं पाहिला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

वर्ग खदखदून हसला. ती नाही हसली. तिने सरळ विचारलं, "मंग लिवला काहून?"

मी खिडकीपाशी गेलो. बाहेर काही पाहण्यासारखं नव्हतं, तरी पाहत राहिलो. मग वळून म्हणालो, तू जिथं गेलीस तिथलं सांग. तिने सांगितलं, अर्थात मराठीत. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, तीन घरची माणसं आणि मांडीवर कोंबडी. आई म्हणाली होती की कोंबडी सुटली तर तूही ट्रकमधून उतर, म्हणून तिने वाटभर दोन्ही हातांनी कोंबडी धरून ठेवली होती. हात बधिर झाले, पण तिला वाटत होतं की आई खरंच उतरवील. आमच्या वर्गात एरवी मागे कोणीतरी कुजबुजत असतंच. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मी तिला शिकवू लागलो. आतापर्यंत शब्द मी द्यायचो आणि पोरं उतरवून घ्यायची, रोज पाच. आता ती मागायला लागली. कोंबडी तिला येत होती, पण कुडकुडणं येत नव्हतं. गोधडी येत नव्हती. "सर, गाऱ्याले काय म्हन्तेत?" मी म्हणालो, मड. ती म्हणाली, "मड तं रस्त्यावरचा चिखल झाला. गारा मंजे कालवलेला, मऊ, विटाचा." मला शब्दकोश उघडावा लागला आणि मी तिला क्ले दिला. तिने तो शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि ठीक आहे म्हणाली. शब्द पटेपर्यंत ती वहीत लिहायची नाही. माझ्या सोळा वर्षांत असं माझ्याशी कोणी भांडलं नव्हतं.

पण मी काही तिच्याइतका धीट नव्हतो. मुख्याध्यापकांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "येवढा समुद्र देला तुमी, त्याच्यावर पोट्टे पास होऊन राह्यले. त्या पोरीवर कायले प्रयोग करता?" मला तेही पटलं. मग मी एक दिवस तिला म्हणायचो, समुद्र पाठ कर, उगाच धोका नको. दुसऱ्या दिवशी तिची वही पाहिली की म्हणायचो, राहू दे, तुझंच लिही. जेवताना माझं लक्ष नसायचं, गाडीवर नसायचं. बाप आठवायचा. एक दिवस ती कंटाळून म्हणाली, "सर, एक काय ते ठरवा." मी ठरवलं. म्हणालो, तुझंच.

शेवटच्या दिवशी मी सगळ्या वर्गाला तेच सांगितलं, जे दरवर्षी सांगतो. महाराष्ट्रातला प्रत्येक मास्तर सांगतो. जे येतं ते आधी लिहा, अडलेलं मागं ठेवा.

पेपरच्या दिवशी माझी ड्यूटी दुसऱ्या केंद्रावर होती. तीन तास मी तिथल्या वर्गात इतका फिरलो की एका मुलाने नम्रपणे विचारलं, सर, जरा बसता का. पेपर सुटल्यावर तिच्या मावशीच्या फोनवर फोन लावला. तिचा आवाज आनंदाने फुटत होता. "सर, मस्त झाला निबंध. साडेतीन पानं लिवला. हात थांबतच नोता." मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि एकटाच हसलो. बाकीच्या पेपरचं विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

निकाल लागला आणि ती इंग्रजीत नापास झाली. बाकी सगळ्या विषयांत पास.

दोन दिवसांनी तिचा बाप शाळेत आला. भट्टीवरून नुकताच परतला होता. मी खुर्ची पुढे केली, तो बसला नाही. "सर, तुमी म्हनलं होतं," एवढंच तो म्हणाला. ओरडला असता तर मलाही काहीतरी बोलता आलं असतं. मी म्हणालो, जुलैत पुरवणी परीक्षा आहे, तोवर थांबा. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेला. पाहणं असं होतं की आता तुमच्या शब्दावर विश्वास तरी किती ठेवायचा.

तिची सही घेऊन मी उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. प्रत आली तेव्हा तिला बोलावलं, तर म्हणाली, "मले नाई पाहायची." मी एकट्यानेच ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उघडली.

पहिल्याच पानावर निबंध. मीच सांगितलं होतं ना, येतं ते आधी. साडेतीन पानं. अवर हेन इज सिटिंग ऑन माय लेग. शी इज नॉट अफ्रेड. आय ॲम अफ्रेड. पुढे ट्रक, थंडी, भट्टीवर आई पहाटे गारा तुडवते ते. आईच्या पायांना क्ले लागलेला असतो आणि तो वाळला की पाय दुसऱ्याच बाईचे वाटतात, असं तिने लिहिलं होतं. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. चुका होत्या, भरपूर होत्या. मी त्या मोजल्या नाहीत. पहिल्या पानावर लाल पेनाच्या खुणा होत्या आणि समासात पाचपैकी चार. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पानावर लाल ठिपकासुद्धा नव्हता.

त्यानंतर अर्धवट पत्र. एका उताऱ्याची तीन उत्तरं. आणि व्याकरणाचा अख्खा प्रश्न कोरा. डोळे मिटून सुटणारा, मी तिच्याकडून चाळीस वेळा सोडवून घेतलेला. तिला वेळच उरला नव्हता. मी तिला लिहायला शिकवलं आणि थांबायला शिकवलंच नाही. तपासणाऱ्याला दोष काय देणार? त्याच्यासमोर गठ्ठा असतो, मीही पेपर न वाचता मार्क दिलेलेच आहेत. ऑफिसात उभा राहून मी ती पानं पुन्हा वाचली. अभिमानाने छाती भरून आली आणि त्याच वेळी स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

ती जूनच्या सुरुवातीला शाळेत आली. वही घेऊन, मी फेऱ्या मारत होतो तिथे येऊन उभी राहिली. "सर, समुद्र द्या."

मी म्हणालो, गरज नाही. तुझं चांगलं आहे, चार मार्क पडलेत. फक्त व्याकरण आधी सोडव आणि निबंध बारा ओळीत आवर. आपण बसून छोटा करू.

"मले तो छोटा नाई करता येत."

"करू या की."

"तुमचं काय जाते, सर?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मले पास व्हायचं हाये."

त्या मधल्या सुट्ट्या, ते शब्दकोश उघडणं, त्यात तिचं किती होतं आणि माझं स्वतःचं समाधान किती, हा प्रश्न तिने एका वाक्यात माझ्यापुढे टाकला होता. मी फळ्यापाशी गेलो आणि समुद्र सांगू लागलो. वाळू, धाकटा भाऊ, लाट. तिने मान खाली घालून बाराही ओळी उतरवून घेतल्या.

सहाव्या दिवशी तिने तो मला न अडखळता म्हणून दाखवला. मी विचारलं, "आता कसा पाठ झाला?"

"आता भेव हाये नं," ती म्हणाली.

जुलैच्या परीक्षेत ती पास झाली. अकरावीला रिसोडला तिचा प्रवेश झाला त्या दिवशी ती पेढे घेऊन शाळेत आली. बाप फाटकापाशी कोणाची तरी मोटरसायकल घेऊन थांबला होता. त्याने लांबूनच मला हात जोडले आणि माझ्या डोक्यावरचं ओझं खाली उतरलं. मी तिला विचारलं, पेपर कसा गेला होता. "व्याकरण पह्यले. मंग पत्र. समुद्र आखरीले, दहा मिन्टात." चांगलं केलंस, मी म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो. तरी पेढा मी अर्धाच खाल्ला.

ती पायऱ्या उतरून चार पावलं गेली आणि परत आली.

"सर, तो पह्यलावाला निबंध. तपासणाऱ्यानं पुरा वाचला असन का?"

नववीचा वर्ग माझी वाट पाहत होता, आतून गलका ऐकू येत होता. मी पहिल्यांदाच पाय न हलवता एका जागी उभा होतो.

"पुरा वाचला," मी म्हणालो. "पार शेवटच्या ओळीपर्यंत लाल खुणा होत्या."

"आईच्या पायाचं बी?"

"तेही."

"मंग फुकट नाई गेला," ती म्हणाली आणि बापाने गाडी सुरू केली होती तिकडे पळाली.