रोटाचे भाऊबंद

शहाद्यात आम्ही दोघी सात वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. ती नर्स, मी एका दैनिकाची बातमीदार. गल्लीच्या लेखी आम्ही मैत्रिणी. आमच्यासारख्यांचा एक लहान गट आहे; बाकीचे पाचही पुरुष, पुरुषांवर प्रेम करणारे. बैठक आमच्याकडे होते, कारण दोन बायकांच्या घरावर कोणी संशय घेत नाही. चहा आम्ही करतो. गटाचा प्रत्येक निरोप 'भावांनो' असा सुरू होतो. आम्ही जोडपं आहोत, हे गटात सगळ्यांना माहीत. तोंडानं कुणी म्हणत नाही. तिला ते एकदा ऐकायचं होतं.

यंदा श्रावणात तिनं कानबाईचे रोट, म्हणजे खानदेशातल्या या देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे ठरवले. आमच्या गल्लीत रोटाचे गहू घरातल्या पुरुषांवर मोजतात, दर पुरुषामागे सव्वा मूठ. आमच्या घरी पुरुष शून्य. गटातल्या टेलरनं तोडगा काढला.

"आमना पाचसना नावना टाका ना, ताई."

"घर आमनं, चूल आमनी, अन नाव तुमनं?"

तिनं दोघींच्या नावानं दोनदा सव्वा मूठ गहू सुपात टाकले.

रविवारी पाचही जण दुधाच्या वाट्या धरून बसले. तिनं रोटाचं ताट मागे ओढलं. रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला देत नाहीत.

"तुम्ही आमना कोण? नातं सांगा, मंग रोट."

"तुन्हा भाऊ," टेलर म्हणाला.

"अन हाई तुन्ही कोण?" तिनं माझ्याकडे बोट केलं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची घरमालकीण दारात येऊन उभी राहिली. टेलरनं तिच्याकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"हाई वहिनी. दोन्ही मन्ह्या वहिन्या."

"दोन्ही?" घरमालकिणीनं विचारलं. "मंग तुन्हा भाऊ कोठे शे?"

बाकीचे चौघे वाटीत बघू लागले.

"भाऊ नही शे, मावशी. ह्या दोन्ही एकमेकन्याच शेतस," टेलर म्हणाला.

घरमालकिणीनं आम्हाला आळीपाळीनं न्याहाळलं. मुलांसाठी स्थळं पाहताना ती अशीच बघते.

"मंग ओटी एकनी भरू का दोन्हीसनी?"

"दोन्हीसनी," रोटाचं ताट धरून बसलेली ती म्हणाली.

घरमालकीण वर गेली. नारळ घेऊन येते की नवऱ्याला, हे सांगता येत नव्हतं. जिन्याकडे बघता बघता टेलरची वाटी कलंडली. तिनं रोट मोडून पहिला तुकडा त्याच्या वाटीत टाकला.

"भाऊजी, नीट धरा. दूध सांडी ऱ्हायनं."