रोन्डाचा नियम

आमच्या ब्राउन्सबर्ग गावात मोटारींच्या रेसिंगशी संबंध नसलेलं घर शोधावं लागतं. रोन्डा ओबर्लीच्या माहेरी वडील इंजिनं बांधायचे, धाकटा भाऊ लेलँड गाडी चालवायचा. नवरा गस, तोही ड्रायव्हर. ती स्वतः स्पॉटर. ग्रँडस्टँडच्या छपरावर उभं राहून गाडीतल्या माणसाला रेडिओवरून सांगत राहायचं की शेजारी कोण आहे. त्याला बिचाऱ्याला समोरचं सोडून फारसं काही दिसत नाही. ती 'आत' म्हणाली की आतल्या अंगाला गाडी आहे, 'बाहेर' म्हणाली की भिंतीकडे. 'मोकळं' म्हणाली की माणूस डोळे झाकून गाडी वळवायचा. मी तिच्याच टीममध्ये टायर बदलायचो. तिच्या आवाजावर आम्हा सगळ्यांचाच भरवसा होता.

गस गेला ते वर्ष वेगाचं होतं. दर महिन्याला कुणीतरी जुना विक्रम मोडत होतं. तिसऱ्या वळणावर त्याच्या गाडीखाली हवा शिरली आणि गाडी उचलली जाऊन प्रेक्षकांपुढच्या जाळीवर गेली. त्याच्या आसपास दुसरी गाडीच नव्हती. रोन्डा नुकतीच त्याला 'मोकळं' म्हणाली होती, आणि ते खरंही होतं.

त्या हिवाळ्यात नियम ठरवणाऱ्यांची बैठक झाली. मालक, ड्रायव्हर, इंजिनवाले, सगळे होते. रोन्डाला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं, पण ती उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही सगळे एकमेकांची वाट बघताय. एकट्याने हळू जायला कुणी तयार होणार नाही. सगळ्यांची इंजिनं लहान करा."  मग हात वर होऊ लागले. पुढच्या मोसमाला इंजिनाचा आकार कमी झाला, ते किती जोरात फिरू द्यायचं यावरही बंधन आलं. आधीची इंजिनं एका रात्रीत भंगारात जमा झाली म्हणून इंजिनवाले चिडले. गॅरेजांमधून त्याला 'रोन्डाचा नियम' म्हणू लागले. कुणी मायेने म्हणायचं, कुणी दात ओठ खात.

सरावात सगळं छान दिसलं. वेग उतरला होता. आमच्याच टीमची गाडी चालवणारा लेलँड तिला म्हणाला, "गस असता तर त्याने तुला शिव्या घातल्या असत्या, आणि मग मिठी मारली असती."

मग दक्षिणेतली शर्यत आली. ट्रॅक दीड मैलाचा, वळणं बशीच्या काठासारखी चढती. पूर्वी तिथे इंजिनात इतका जोर असायचा की वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावाच लागे. कुणी लवकर उचलायचा, कुणी उशिरा, आणि त्यातून गाड्यांमध्ये अंतर पडायचं. आता इंजिन लहान झालं, पण गाडीला जमिनीवर दाबून धरणारे पंख तेच राहिले. गाडी जमिनीला अशी चिकटून राहायची की पाय उचलायचं कामच उरलं नाही. सगळ्यांचा पाय पहिल्यापासून शेवटपर्यंत खाली दाबलेला, सगळ्यांचा वेग सारखा. कुणाला पुढे सटकता येईना. मागे सरकावं तर मागचा शेपटीला नाक लावून. वीस गाड्या एकाच ठोकळ्यासारख्या फिरू लागल्या.

लेलँड त्या ठोकळ्याच्या मधल्या रांगेत सापडला.

माझ्या कानात रेडिओ होता. रोन्डा म्हणत होती, "आत. बाहेर. दोन्हीकडे. अजून दोन्हीकडे." हेच चालू राहिलं. एरवी ती मधूनमधून एखादी चेष्टा करायची, आज नाही.  लेलँडचा नुसता श्वास ऐकू येत होता. समोर गर्दी उभी राहून ओरडत होती, असली शर्यत लोकांनी कधी पाहिली नव्हती.

निम्म्याहून थोडी जास्त शर्यत झाली असेल, तेव्हा लेलँड अगदी साध्या आवाजात म्हणाला, "रोन्डा, मला इथून बाहेर काढ."

तिने विचारलं, गाडीला काही झालंय का. तो म्हणाला, "गाडी ठीक आहे. माझ्या हातांवर आता माझा विश्वास नाही."

छपरावर सगळे स्पॉटर खांद्याला खांदा लावून उभे असतात. पुढचं मला त्यांच्यापैकी एकाने नंतर सांगितलं. रोन्डाने आधी बाहेरच्या गाडीच्या स्पॉटरला विनवलं, जरा जागा दे. तो मान न वळवता म्हणाला, "तुझाच नियम आहे, बाई. भोग आता." मग ती मागच्या गाडीच्या स्पॉटरकडे वळली. ऑर्विल त्याचं नाव, गसचा जुना दोस्त. त्याने आपल्या ड्रायव्हरला सांगितलं, पुढच्याशी एक गाडी बसेल इतकं अंतर ठेव, आणि शिवी खाल्ली. पण अंतर पडलं.

"हळूच उचल," रोन्डा म्हणाली. "ब्रेक नको. नुसता पाय. अजून थोडा. आता सोड."

लेलँड मागे सरकला, आणि एकदा पुढच्या गाडीचा हवेतला आडोसा सुटल्यावर पूर्ण ठोकळा त्याला सोडून पुढे निघून गेला. तो पिटमध्ये, म्हणजे आम्ही टायर बदलतो तिथे, आला आणि त्याने इंजिन बंद केलं. आमचे मालक, मिस्टर प्रूएट, धावत आले आणि वाकून काय बिघडलं विचारू लागले. लेलँडने हातमोजे काढले.  "काही नाही बिघडलं," तो म्हणाला. "मी उतरतोय."

त्या दिवशी अपघात झाला नाही, हे सांगायलाच हवं. साधा ओरखडाही नाही. पहिल्या दहा गाड्या श्वास रोखायला लावतील इतक्या जवळजवळ संपल्या आणि पेपरांनी त्या शर्यतीला डोक्यावर घेतलं. एखादी गाडी जरी भिंतीला लागली असती तरी लेलँडला लोकांनी शहाणा म्हटलं असतं. आता तो भित्रा ठरला. प्रूएटने त्याला काढला, आणि दुसऱ्या कुणीही त्याला गाडी दिली नाही.

रोन्डाला मात्र त्यांनी ठेवलं. लेलँडच्या जागी ब्रेडी कोव्हर्ट नावाचा तरुण ड्रायव्हर आला आणि छपरावर तीच हवी, असं म्हणाला. तिने होकार दिला. हे कळल्यावर लेलँड तिच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. मीही होतो तिथे, आम्ही जेवायला बसलो होतो.

"मला बाहेर काढलंस," तो म्हणाला, "आणि त्याला आत घातलंस."

"मी नाही म्हटलं म्हणून तो थांबणार आहे का?" ती म्हणाली. "तो जाणारच. फक्त त्याच्याशी बोलायला दुसरं कुणीतरी असेल."

"आणि हे किती दिवस चालणार?"

 तिने त्याच्यासाठी ताट वाढलं. तो बसला, पण जेवला नाही.

ती पुन्हा नियमवाल्यांकडे गेली. म्हणाली, वेग कमी झाला ते बरंच झालं, पण माणसाला पाय उचलावा लागला पाहिजे. पंख कापा, गाडी वळणात निसटू द्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आठवण करून दिली की लहान इंजिनांची मागणी तिचीच होती. शिवाय स्टँड भरत होते. ती परत परत गेली. तिसऱ्यांदा तिला बाहेरच्या बाकावरच बसवून ठेवलं.

दरम्यान दर शर्यतीला ती छपरावर चढायची आणि ब्रेडीला सांगायची, दोन्हीकडे, अजून दोन्हीकडे. घरी आल्यावर तिचा घसा बसलेला असायचा. झोपेतही ती बोलते, असं तिची शेजारीण मला म्हणाली.

पुढच्या मोसमात व्हायचं ते झालं. दोन गाड्यांची चाकं एकमेकांत अडकली आणि मागच्या अकराजणांना जायला वाट नव्हती. ब्रेडी त्यातच होता. रोन्डा त्याला काही सांगू शकली नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. कोणतीच बाजू रिकामी नव्हती. त्याचे दोन्ही घोटे मोडले. जीव कुणाचा गेला नाही, हे आमचं नशीब.

त्यानंतर पंख कापले गेले. पत्रकात बऱ्याच तज्ज्ञांची नावं होती, तिचं नव्हतं. तिने ते वाचून बाजूला ठेवलं. गाड्या वळणात पुन्हा निसटू लागल्या, पाय उचलले जाऊ लागले, अंतरं पडू लागली.

लेलँड आता गावातल्या शाळेत वेल्डिंग शिकवतो. शर्यती बघत नाही. एका रविवारी मी रोन्डाला विचारलं की आता तरी छपरावरून खाली का उतरत नाहीस. पायऱ्या चढताना तिचे गुडघे दुखतात, मला दिसतं. ती म्हणाली, "उतरून बघितलं होतं रे एकदा. घरी टीव्हीसमोर बसले. तिथूनही सांगत होते आत, बाहेर. कुणाला ऐकू जात नव्हतं एवढंच." मग तिने हेडफोन गळ्यात अडकवले आणि कठडा धरून चढू लागली.