म्हशीची वेळ

ईट गावच्या राजेश्वरीचा खवा विजेच्या कढईत आटतो. नव्या दरात दुपारची वीज स्वस्त झाली आणि संध्याकाळची महाग. तिचं निम्मं दूध मात्र संध्याकाळचंच. दुपारची वीज साठवायला बॅटरी घ्यायचा विषय निघताच सासरे उत्तरेश्वर म्हणाले, "कशाला? दुपारीच धार काढू." भर उन्हात ते गोठ्यात बसले. म्हशीनं पान्हा चोरला आणि लाथेनं बादली उडवली.

"मामा, म्हैस दर बघून दूध देती व्हय?" राजेश्वरी हसली. मग ठामपणे म्हणाली, "नुसत्या दिव्या-पंख्यासाठी बॅटरी परवडली नसती. पण आपलं सांजचं दूध थांबत न्हाय. बॅटरी दुपारी भरू, सांजंला तिच्यावर कढई चालवू. खवा म्या बंद करणार न्हाय."

बॅटरी आली. काही महिन्यांची कमी आलेली बिलं उत्तरेश्वरांनी बघितली. आणि ते आणखी एक म्हैस बघायला जवळच्या वाशीच्या गुरांच्या बाजाराला निघाले.