बायजी वाग बघायला आली

अमृतच्या आईला डहाणूत राहायचं नसे. यायची ती, दाढ दुखली की यायची, रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटला नाही की यायची. पण काम उरकलं की संध्याकाळच्या गाडीला गंजाडला परत. सून संगिता पीठ मळायला घेई, तोवर बायजी चपला घालून दारात उभी.

"रात्रभर राहा ना, आये," अमृत म्हणे.

"राहून काय बघू? तुझ्या गावात बघायसारखं हाय काय?" बायजी विचारी, आणि उत्तरही तीच देऊन टाकी, "खांब."

अमृत वायरमन होता. त्यामुळे हे खांब त्याला जरा जास्तच लागत. आई एक रात्र तरी हौसेनं आपल्या घरी राहिली पाहिजे, असं त्यानं मनाशी घेतलं होतं, आणि त्यासाठी त्याच्याकडे एक हुकमाचं पान होतं. सार्वजनिक बाग. दर रविवारी तो तिथे जाऊन बसे. लाल कर्दळ, पिवळी जास्वंद, आणि बोगनवेलीच्या मांडवाला शिंजिराच्या जोडीनं टांगलेलं घरटं. अंगठ्याएवढा पक्षी, पण तारेला घरटं असं पक्कं बांधलेलं की अमृतनं व्यावसायिक नजरेनं दोनदा तपासून मान डोलावली होती.

त्यानं आईला फोन लावला. गंजाडला रेंज वाऱ्यावर येते आणि वाऱ्यावर जाते.

"आये, रविवारी ये. बाग दाखवतो."

"काय?"

"बाग, बाग."

"तू बघितलास?"

"दर रविवारी बघतो. आत जाऊन बसतो."

"आत? भीती नाय वाटत?"

"भीती कसली? लहान पोरं येतात तिथं."

"येते," बायजी म्हणाली. आईचा आवाज इतका हळवा अमृतनं आयुष्यात ऐकला नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी अमृतला ठाऊक होती पण वेळेवर आठवली नाही. त्याच्या पाड्यावर वाघाला वाग म्हणतात. आणि बाग नावाची वस्तूच तिथे नाही. झाडं लावली की ती वाडी.

रविवारी बायजी गाडीतून उतरली ती नवं लुगडं नेसून. हातात पिशवी, पिशवीत नारळ, शेंदराची पुडी, आणि तोंड बाहेर काढून रस्ता बघत बसलेली जिवंत कोंबडी. अमृत हरखला. कोंबडी म्हणजे रात्रीचं जेवण, आणि रात्रीचं जेवण म्हणजे मुक्काम.

"दे, घरी ठेवून येऊ."

"नाय. तिथं लागंल."

आईला 'कशाला' विचारायची सवय त्याला लहानपणापासून नव्हती.

फाटकावर पहारेकरी प्रविण. त्याची शिट्टी त्याच्या तोंडातून फक्त जेवणापुरती निघे.

"मावशी, बागेत कोंबडी चालणार नाही."

"ती चालत नाय. पिशवीत हाय," बायजी म्हणाली आणि आत गेली.

आत गेल्यावर अमृतच्या लक्षात आलं की बाग आज काही मनावर घेणार नाही. कारंजं कोरडं. हिरवळीवर पाटी, 'गवतावर चालू नये'. बायजीनं ती अमृतकडून वाचून घेतली आणि विचारलं, "मग शेरडं तरी येतात का खायला?" नाही म्हटल्यावर, "मग पेरलंय कुणासाठी?" आणि बोगनवेलीच्या मांडवाखाली तीन मुली मोबाईल काठीला लावून तेच गाणं परत परत वाजवून नाचत होत्या. शिंजीर कुठला यायला.

"थांब, येईल आता," अमृत कुजबुजला.

बायजीनं पदर सावरला. "कुठनं येल?"

"त्या वरच्या फांदीवरून."

"झाडावर चढतो?"

"चढायचं काय, आये, घरटंच आहे ना त्याचं तिथे."

लहानपणी अमृत तापात बरळायचा तेव्हा बायजी त्याच्याकडे जशी बघे, तशी तिनं आता बघितलं. कपाळाला हात लावून पाहिला.

"वागाचं घरटं?"

मग सगळा उलगडा झाला. फार आवाज न करता झाला, हेच जास्त वाईट.

"तू वाग सांगितलास."

"बाग, आये. ही काय. ही बाग."

बायजीनं झेंडूचा वाफा बघितला, कारंजं बघितलं. "ही वाडी हाय," ती म्हणाली. "तीपण कुणीतरी टाकून दिलेली." थोड्या वेळानं पिशवीकडे बघत म्हणाली, "शिवेवरच्या वागदेवाला जन्मभर शेंदूर लावला. माझ्या बापानं त्याला जिता बघितलेला. मी नाय. म्हटलं, एकदा तोंड तरी बघावं."

अमृतला इतकं वाईट वाटलं की नको तेच त्याच्या तोंडून गेलं. "वाघ आहे एक. सिमेंटचा. त्या कोपऱ्यात."

वाघ होता. पट्टे ताजे रंगवलेले, जबडा उघडा, आणि पोटावर लिहिलेलं, 'मला कचरा भरवा'. बायजीनं जबड्यात हात घातला. वेफरच्या पिशव्या निघाल्या, आइस्क्रीमच्या काड्या निघाल्या, अर्धा वडापाव निघाला.

"देवाच्या तोंडात उष्टं घालतात तुझ्या गावात," ती म्हणाली, आणि दोन्ही हात मोकळे असावेत म्हणून पिशवी खाली ठेवली.

कोंबडी इतका वेळ याचीच वाट बघत होती. ती झेंडूतून गेली, गवतावरून गेली, नाचणाऱ्या मुलींच्या मधून गेली, बाकावर, बाकावरून मांडवावर, आणि शेवटी शिरीषाच्या झाडावर जाऊन बसली. तिच्यामागे अमृत, अमृतमागे प्रविणची शिट्टी.

"रोज खांबावर चढता ना? मग चढा," प्रविण म्हणाला.

"खांबाला कोंबड्या नसतात," अमृत चिडून म्हणाला आणि चढला. तो एक फांदी चढला की कोंबडी दोन चढे. बायजीनं तेवढ्यात वाघाला शेंदूर लावून घेतला.

अंधार पडायला आला. अंधारात कोंबडी सहज हाती लागते, पण बाग बंद करायची वेळ झाली होती आणि प्रविणला नियम तोंडपाठ होता.

"आये, तू जा. गाडी सुटेल. मी पकडून आणतो."

"वागाच्या नावानं काढलेली कोंबडी हिथं टाकून?" बायजी म्हणाली. "राहते."

घरी संगिता आनंदानं म्हणाली, "आई राहिल्या."

"माझ्यासाठी नाही," अमृत म्हणाला, आणि ताटावर बसला.

दुसऱ्या दिवशी कोंबडी हाती लागली नाही. तिसऱ्याही नाही. बायजी घरचे तांदूळ पदरात बांधून बागेत जाई आणि रिकाम्या हातानं परते. इकडे शेंदूर लावलेल्या वाघाच्या तोंडात कचरा टाकायला कुणी धजेना. लोक तो भक्तिभावानं त्याच्या पायाशी ठेवू लागले. प्रविण अमृतला फोन करी, तोही अमृत खांबावर असताना. "तुमच्या मातोश्रींना आवरा." अमृत वरून तारांना उत्तर देई.

शेवटी एका संध्याकाळी तो कामावरून थेट बागेत गेला, आज काय तो निकाल लावायचा म्हणून.

मांडवाखाली आज नाचणाऱ्या मुली नव्हत्या. बायजी तिथल्या बाकावर बसली होती आणि कोंबडी तिच्या ओंजळीतले तांदूळ टिपत होती. पाड्यावर ज्या बाईच्या हातून कधी कोंबडी सुटली नव्हती, तिनं नुसती मूठ मिटायची होती. पण बायजीचं लक्षच नव्हतं. ती वर बघत होती. शिंजीर उलटा लटकून पिल्लांना भरवत होता.

अमृतच्या पायाखाली पान वाजलं. बायजीनं त्याला बघितलं आणि दाणकन पाय आपटला. कोंबडी शिरीषावर.

"गेली बघ तुझ्यामुळं," ती म्हणाली. "आता उद्याच्याला."

बाहेर रस्त्यावर गंजाडची गाडी हॉर्न देऊन निघून गेली.

"बाग आवडली का, आये?" त्यानं विचारलं.

"काय नाय हाय हिथं बघायसारखं," असं म्हणून बायजीनं उरलेले तांदूळ पदरात बांधले.