टाकीवरची इंटिग्रिटी

बांगलादेशच्या युद्धाच्या वर्षी बालाघाटात बायकांची एक राखीव तुकडी उभी केली होती. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. भासऱ्यांनी, म्हणजे यजमानांच्या थोरल्या भावांनी, होकार दिला म्हणून भरती झाले. त्यांनी नाही म्हटलं की त्याच दिवशी लाठी परत, हे मला ठाऊक होतं.

सकाळी परेड, मग लेक्चर. आमचे उस्ताद रिटायर्ड हवालदार. ते म्हणाले, "सिपाही में सबसे पहले इंटिग्रिटी चाहिए." माझ्या शेजारच्या शेवंतानं अर्थ विचारला. वेळ आली की कळेल, असं ते म्हणाले. शेवंता माझ्या कानात पुटपुटली, "त्यायलेच मालूम नसन."

त्याच आठवड्यात माझी ड्युटी पाण्याच्या टाकीवर लागली. हुकूम एकच: पासाशिवाय कोणालाही आत सोडायचं नाही. दुपारी भासरे सायकलवरून आले. टाकीचा वॉल्व्ह उघडणं त्यांचंच काम. पास घरी विसरला होता. आमच्याकडे भासऱ्यांसमोर बोलायचं नसतं, तोंडही दाखवायचं नसतं. मी खाकी साडीचा पदर टोपीवरून खाली ओढला, लाठी फाटकात आडवी धरली आणि कुंपणापाशी चरणाऱ्या बकरीला म्हणाले, "बकरीबाई, त्यायले पास दाखवाले सांग."

भासऱ्यांनीही बकरीकडेच पाहिलं. "तिले सांग, मी घरचाच माणूस हाये."

"घरचे लोक घरी. इथं पास."

"गावाले पाणी नाही भेटणार."

मी लाठी काढली नाही. तेवढ्यात बकरी निघून गेली. मग बोलणंच खुंटलं.

भासरे घरी जाऊन पास घेऊन आले. गावाला पाणी उशिरा मिळालं. उस्तादांनी मला तुकडीसमोर उभं केलं. "रिश्तेदार आया, फिर भी हुक्म नहीं बदला. इसको बोलते हैं इंटिग्रिटी." त्यानंतर शेवंतानं तो शब्द सोडलाच नाही. गवळ्याला म्हणायची, "तुह्या दुधात इंटिग्रिटी नाही."

मला संध्याकाळची धास्ती होती. भासरे जेवले. मी दाराआड उभी. हात धुताना ते सासूबाईंना म्हणाले, "माय, तिले सांग, उद्याही माही पाळी हाये. पास खिशात ठेवला हाये."

आमची तुकडी सीमेवर गेली नाही, आमच्यातलं कोणी पडलं नाही. भासरे मात्र थोड्याच वर्षांत गेले. आम्ही समोरासमोर कधी बोललो नाही. त्यांना नेलं तेव्हा अंगणात बायका रडत होत्या. मी दाराशी परेडसारखी सावधान उभी राहिले. सासूबाईंनी पाहिलं, पण खाली बस म्हटलं नाही.