आक्काचं मधलं कर्ज

आमच्या आक्काला निवृत्तीनंतर गुंतवणुकीचं वेड लागलं. शिवऱ्याला हायवेलगत एक प्लॉट निघाला आणि तो दुसऱ्या कुणी घ्यायच्या आत तिला घ्यायचा होता. पैसे वेल्ह्याकडच्या माहेरच्या शेतातली तिची वाटणी विकून यायचे होते. तोवरची सोय म्हणून तिनं बँकेतून मधल्या काळाचं कर्ज काढलं.

भोरला तिच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसवून तिनं ते मला समजावलं. नवी जागा आधी घ्यायची, जुनी नंतर विकायची, मधले महिने बँकेच्या पैशावर काढायचे. व्याज जरा चढं, मुदत सहा महिने.

"आणि शेत विकलं नाही तर?"

"तर हा फ्लॅट बँकेचा," ती अगदी शांतपणे म्हणाली. "पण न विकायला काय झालंय? दादाच घेणार की."

दादा म्हणजे आमच्यातला मधला, गावाकडची शेती बघणारा. आमच्याकडे वाटणी विकायची तर आधी भावाला विचारायचं, आणि त्यानं नाही म्हटल्याशिवाय बाहेर शब्द काढायचा नाही. आक्कानं हिशेबात सगळं धरलं होतं, फक्त दादाला विचारलं नव्हतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पण आक्कासमोर बोलायची आमच्या घरात पद्धत नाही.

दादाला विचारलं तर तो म्हणाला, "बघतो की. घाई काय हाय?"

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. गाडी माझी, डिझेल माझं, बोलणी आक्काची. दादा चहा पाजायचा, बांधावरून फिरवून आणायचा, निघताना डिकीत तांदळाचं पोतं टाकायचा. व्यवहाराचं नाव काढलं की त्याला हटकून गोठ्यात काम निघायचं. घरी येऊन आक्का तांदूळ निवडायची आणि व्याज मोजायची. परस्पर दुसरं गिऱ्हाईक बघ, असं मी सुचवलं तर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मुदत संपायला महिना उरला तेव्हा माझाच पारा चढला. दादाच्या ओसरीवर मी ओरडलो, "अरे, तिचं राहतं घर जाईल! घेतो तरी म्हण, न्हाई तरी म्हण!"

दादा खाली बघत बसला. मग म्हणाला, "आक्का, पैशाचं मी जमवलं असतं. पर ही वाटणी गेली की तू हितं कशाला येशील? थोरली आत्या तिची वाटणी इकून गेली, ती पुन्ना आली का?"

येताना कापूरहोळला चहाला थांबलो, तिथंच तिनं शिवऱ्याच्या प्लॉटच्या एजंटला फोन लावला. महिन्याच्या आत तो प्लॉट विकला गेला. नफा म्हणून जे दिसलं ते व्याज आणि स्टॅम्प ड्यूटीनं खाल्लं, वर पदरचे थोडे गेले. फ्लॅट तेवढा वाचला.

कर्ज फेडायला गेलो तेव्हा मॅनेजर गोंधळले. "मॅडम, विकायची तर जुनी जागा होती ना?"

"भाऊ हो म्हणेना," आक्का म्हणाली.

त्या गेलेल्या व्याजाचं मला अजून वाईट वाटतं. आक्काला ते एकदाही वाटलेलं मी पाहिलं नाही. आता विकायचं काहीच नाही, तरी रविवारी सकाळी तिचा फोन येतो, "गाडी काढ, दादा वाट बघत असेल."